कणशाचं देऊळ

बिशप हाऊसमधून पत्र आलंय:
पॅरिशचा इतिहास, दोन पानं, ईस्टरच्या आत.
माझ्याकडे तीन वह्या आहेत.
पहिलीला वाळवीनं मधोमध भोक पाडलंय.
चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यातून बघितलं
की एकोणऐंशीचा उन्हाळा दिसतो.

सुरुवात रुळांपासून करावी लागेल.
कापूस न्यायची फाटा लाईन टाकायला आलेले नऊ आयरिश,
मानेवरची कातडी सोललेले.
साहेबाच्या व्हरांड्यात त्यांना खुर्ची नव्हती,
कुलींच्या चुलीपाशी जागा नव्हती.
धामणखेडच्या नाल्याकाठी त्यांनी कुडाची खोली बांधली,
वर सागाचा क्रूस,
आणि घंटा नव्हती म्हणून
कडुनिंबाला टांगला हातभर रूळ.
टोला पडला की नाल्यापलीकडची ढोरं मान वर करायची.
अजून करतात.

पहिल्या पानावर लग्न नाही, बाप्तिस्मा नाही.
ब्रिजेट, अकरा दिवसांची, पटकी.
तिच्याखाली तिची आई.
मला लॅटिन येत नाही,
पण एकच शब्द पुन्हा पुन्हा आला
की कळायला लागतो.

मग ऑनोरा किन्सेला.
नवरा पुलाच्या कमानीवरून पडला,
बाकीचे लाईनीबरोबर पुढे गेले,
ही राहिली.
बोटीचं भाडं नव्हतं म्हणतात.
माझे सासरे म्हणायचे, तसं काही नाही,
तिनं वांग्याची रोपं लावली होती.

गुरवाच्या पोरानं तिला विचारलं,
बाई, तुमचा देव एक का तीन?
तिच्या देशात त्यासाठी एक गवत असतं म्हणे.
ते इथं कुठलं?
तिनं बेलाचं पान खुडलं. एक देठ, तीन दळं.
तो हसला, हे तं आमच्या महादेवाचं व्हय!
ती म्हणाली, मंग तुले समजलंच.
(हे बिशप हाऊसला पाठवणार नाही.)

छप्पनच्या दुष्काळात
ऑनोराच्या दारात चूल विझली नाही.
ज्वारीची पेज, त्यात ज्वारी कमी कमी होत गेलेली.
तिच्या आईनं तिकडे गवत उकडून खाल्लं होतं,
बटाटे काळे पडले त्या साली.
त्यामुळे कुठलं गवत उकडायचं
हे तिला विचारावं लागलं नाही.
दुसऱ्या वहीत त्या साली अकरा बाप्तिस्मे.
बापाच्या रकान्यात अकरा वेळा तोच शब्द,
जो मला आता येतो: माहीत नाही.
आडनावाच्या रकान्यात अकरा वेळा किन्सेला.
सातवा डॅनियल, वय अंदाजे चार,
हातात शेळीचं दावं, शेळी नाही.
तो माझ्या नवऱ्याचा पणजा.

नाव पुढे वहीत झिजत गेलं.
किन्सेला, किनसेल, कनसेल.
एकतीस साली वसईकडचे एक फादर आले,
त्यांनी सरळ कणसे लिहिलं.
ज्वारीच्या गावाला ते पटलं.

गेल्या वर्षी आयर्लंडहून एक म्हातारा आला होता,
पाठीला पिशवी, आडनाव तेच, मूळचं.
त्याला आपलं कुणी हवं होतं.
आमची त्रेचाळीस घरं रांगेनं उभी राहिली,
पोरांनी पावडर लावलेली.
तो एकेक चेहरा बघत गेला
आणि शेवटी रुळाला हात लावून रडला.
रक्ताचा थेंब नाही, मी त्याला सांगितलं.
फक्त पेज.

लाईन उखडली गेली. भंगारवाला मोजमाप करत इथंवर आला,
म्हणाला, हाही तुकडा यादीत धरतो.
बायका नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या.
त्यानं चहा घेतला, गेला.

मी लिहिलं: आमचे पूर्वज आयर्लंडहून आले.
खोडलं.
आमचे पूर्वज इथलेच.
तेही खोडलं.
आमचे पूर्वज उपाशी आले.

हे राहू दिलं.
अजून पावणेदोन पानं उरलीत
आणि सहाचा टोला माझ्याकडे आहे.